‘पिल्लं आणि गुहा दाखवली नाही’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

‘लाखो रुपये मोजून कॅनडात चर्चिलला गेलो, ध्रुवीय अस्वलिणीची गुहा जवळच असून दाखवली नाही, गाइडने हात वर केले’ असं लिहून तुम्ही दोन तारे दिलेत. तारे राहू देत. पण गाइडने हात वर केले नाहीत, गुहेजवळ न जाण्याचा नियम पाळला. आणि तो आम्हालाही मान्य आहे.

तुम्ही गेलात नोव्हेंबरात. हडसन उपसागर गोठायची वाट बघत किनाऱ्यावर फिरणारी अस्वलं तुम्हाला बग्गीतून (मोठ्या चाकांच्या उंच मोटारगाडीतून) भरपूर दिसली. तुमच्याच फोटोंत आहेत. त्यांत गाभण मादी नसते. ती तोवर आत, वापुस्क राष्ट्रीय उद्यानाच्या भागात, बिळात शिरलेली असते. १९९६ साली झालेल्या या ११,४७५ चौ. किमीच्या उद्यानात जगातल्या सर्वात मोठ्या बाळंतपणाच्या जागांपैकी एक आहे. इतरत्र मादी बहुधा बर्फाच्या ढिगात घर कोरते. इथे ती तळ्याकाठच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, मातीत खणते. खाली कायम गोठलेली जमीन, वर स्प्रूसच्या झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेलं छत. वणव्यात ती मुळं जळाली की छत बसतं. एकेक बीळ वर्षानुवर्षं वापरात असतं, त्यामुळे मोडलेल्या जागेला पर्याय चटकन मिळत नाही.

पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं, डोळे मिटलेलं. आईच्या पोटात मात्र उन्हाळ्यापासून जवळपास काहीच गेलेलं नसतं. हा उपास आठ महिन्यांपर्यंत चालतो आणि दूध अंगातल्या चरबीवर. डोक्यावर हेलिकॉप्टर घोंगावल्याने ती बीळ सोडून गेली, तर पिल्लू बाहेर टिकत नाही. ओल्या बाळंतिणीच्या खोलीत आपल्याकडेही कोणी कॅमेरा घेऊन शिरत नाही.

‘यापेक्षा नॉर्वेला गेलो असतो’ असंही तुम्ही म्हटलंय. जरूर जा. पण तिथल्या स्वालबार्ड बेटांमधली अशीच मोठी जागा, कोंग कार्ल्स लँड, वर्षभर बंद असते; किनाऱ्यापासून ५०० मीटरच्या आत बोटही नेता येत नाही.

रिफंड मिळणार नाही. कार्यक्रमपत्रिकेत गुहा नव्हतीच. पिल्लंच बघायची असतील तर ती फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये बाहेर येतात. ती सहल वेगळी आणि महाग आहे. उणे ४० पर्यंतच्या थंडीत दिवसभर उघड्यावर थांबावं लागतं, आणि दिसतीलच असं आम्ही लिहून देत नाही. तयारी असेल तर ऑफिसात फोन करा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आधी लागेल.