बोलक्या भिंतींचा परीक्षक

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा मी ‘क’ श्रेणीत उत्तीर्ण झालो आहे, हे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या केंद्रप्रमुखांना मोठ्या अभिमानाने सांगितले नसते, तर नाशिकच्या शाळांमधील ‘बोलक्या भिंतीं’चे, म्हणजे अभ्यासाची चित्रे रंगवलेल्या भिंतींचे, परीक्षण माझ्या गळ्यात पडले नसते. हाती आलेल्या गुणपत्रिकेत रंगसंगती, शैक्षणिक उपयुक्तता आणि टिकाऊपणा असे तीन रकाने होते व प्रत्येकाला दहा गुण होते.

पहिल्याच शाळेच्या भिंतीवर सूर्यमालेत नऊ ग्रह सुखाने फिरत होते. प्लूटोचे ग्रहपद २००६ सालीच गेले, असे मी नम्रपणे सुचवताच मुख्याध्यापक म्हणाले, “सर, पेंटर जुना आहे.” शेजारच्या नकाशात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ भरले. २०१४ साली ठाण्यातून वेगळा झालेला आणि आपल्या नाशिकला खेटून असलेला पालघर पेंटरपर्यंत पोहोचलाच नव्हता. चहा मात्र तत्काळ पोहोचला.

दुसऱ्या शाळेत वारली चित्रे होती. गेरूची जमीन आणि तांदळाच्या पिठीचा पांढरा रंग एवढ्यावर उभी असलेली ही कला तेथे पोपटी भिंतीवर गुलाबी ऑइलपेंटने साकारली होती. मी ‘रंगसंगती’च्या रकान्यापाशी अडखळलो असताना मूळची पेठ या आदिवासी तालुक्याकडची एक चौथीतली मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, चित्रातल्या माणसाने तारपा उलटा धरलाय. फुंकायची बाजू खाली आहे.” खरी परीक्षक हीच, हे माझ्या ध्यानात आले, पण मानधनाच्या पावतीवर सही माझी होती.

तिसऱ्या शाळेत ब्रह्मगिरी आणि त्यातून उगम पावणारी गोदावरी रंगवली होती. नेमकी वरच्या मजल्यावरची टाकी गळत असल्याने गोदावरी खरोखरच वाहत होती. प्रायमर न लावता ओल्या भिंतीवर रंग चढवला की त्याचे पोपडे सुटतात, हे मी मुख्याध्यापिकाबाईंना भिंतीला टेकून सविस्तर समजावून सांगितले आणि टिकाऊपणाला दहापैकी दोन गुण दिले. निघताना शिपाईमामा म्हणाले, “साहेब, डोंगर पाठीवर घेऊन चाललात!”

सहा वेळा धुऊन झाला, तरी ब्रह्मगिरी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर शिखरासकट शाबूत आहे. ते दोन गुण वाढवून देता येतील का, असे मी केंद्रप्रमुखांना कळवले आहे.