चुना, एटीएम कार्ड आणि सेट्रिझिन

उन्हाळा लागला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता उगवतो : ‘मधमाशी चावली? घाबरू नका! पाच रामबाण उपाय, डॉक्टरकडे धावायची गरज नाही.’ यंदा तो एकाच दिवशी तिघांनी टाकला. त्यातला एक जण तर औषधाच्या दुकानात बसतो. मग म्हटलं, आता लिहूनच टाकू.

पहिला उपाय असा की काटा चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाऊन विष आत जाईल, एटीएम कार्डाने खरवडून काढा. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो हे खरं. पण ती पिशवी माशी उडाल्यावरही आपली आपण विष आत ढकलत असते. जवळजवळ सगळं विष पहिल्या वीसेक सेकंदांत गेलेलं असतं. तुम्ही सॅकच्या तळातून पाकीट काढेपर्यंत कारभार आटोपलेला. चिमटीने काढा, नखाने काढा, पण आत्ता काढा. काढायच्या पद्धतीने फरक पडतो का, हे १९९६ मध्ये तपासून झालं आहे. पडतो तो उशिराने. आणि गांधीलमाशी बहुधा काटा मागे ठेवतच नाही.

दुसरा : मधमाशीचं विष आम्ल म्हणून चुना, गांधीलमाशीचं अल्क म्हणून लिंबू. याला मी फार हसत नाही, कारण एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातच मधमाशीच्या दंशावर खायचा सोडा लावायला सांगितलेलं आहे. पण दंशाची आग निव्वळ आम्लाची नसते. विषाच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन नावाचं प्रथिन असतं, ते पेशी फोडतं आणि टोचलेलं असतं कातडीच्या खाली. वरून लावलेला चुना तिथे पोहोचत नाही. कातडी मात्र भाजतो. बर्फ लावा.

तिसऱ्या उपायासाठी हे सगळं लिहितोय. ‘अ‍ॅलर्जी वाटल्यास एक सेट्रिझिन, विषय संपला.’

काही वर्षांपूर्वी गड उतरून आम्ही पायथ्याच्या वाडीत चहा घेत होतो. सोबतच्या मित्राला मनगटावर एकच माशी डसली. त्याने लगेच गोळी घेतली, हसला, चहाचा कप उचलला. पाचेक मिनिटांत तळपाय खाजवायला लागला. मग पोटावर, मानेवर पित्ताच्या गांधी. मग एक उलटी. आवाज घोगरा झाला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

डंखाच्या जागी सूज, आग, लाली येणं साधं. डंख मनगटाला आणि खाज तळपायाला, म्हणजे प्रकरण सगळ्या अंगाचं झालं. त्यात श्वास, घसा, रक्तदाब यांतलं काही बिघडलं, की त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. सेट्रिझिन फक्त हिस्टामिनला, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं त्यातल्या एका रसायनाला, अडवते, तीही पोटातून रक्तात उतरल्यावर, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने. घसरलेला रक्तदाब आणि सुजलेला घसा तिच्या आवाक्यात नाहीत. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली छापून आला. माशीच्या दंशात हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ होता १५ मिनिटं. गोळी अजून पोटातच!

इथे औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, थेट स्नायूत. उतार पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. परदेशात लोक त्याचं तयार इंजेक्शन-पेन खिशात ठेवतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, पण साधी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, स्वस्त असते आणि आरोग्य केंद्रात मिळू शकते. म्हणून अशा वेळी १०८ लावायचा किंवा गाडी थेट जवळच्या आरोग्य केंद्राकडे न्यायची. गोळीचा गुण येतो का बघत बसायचं नाही.

चौथा मुद्दा, ‘आधी चावून काही झालं नाही त्यांना भीती नाही.’ उलट आहे. आधीच्या दंशानेच शरीर या विषाविरुद्ध तयार होऊन बसतं. दगावणाऱ्यांतल्या साधारण निम्म्यांना पूर्वी असा त्रास झाल्याची नोंद नसते. माझ्या मित्रालाही नव्हता.

पाचवा : चक्कर आल्यास उठवून बसवा, पाणी पाजा. आम्ही अगदी हेच केलं. वाडीतल्या आजींनी तांब्या आणला, दोघांनी त्याला बखोटीला धरून उभं केलं आणि तो आमच्या हातातच पांढराफटक पडला. रक्तदाब कोसळलेला असताना उभं केलं की हृदयाकडे परतणारं रक्तच आटतं. अचानक उठून बसण्याने किंवा उभं राहण्याने झालेले मृत्यू २००३ च्या एका अभ्यासात नोंदलेले आहेत. आडवं ठेवा, पाय उंच करा. उलटी होत असेल तर कुशीवर. धाप लागली असेल तरच टेकून बसवा, पण चालवू नका. पाणीही नको, घसा सुजलेला असतो. आम्ही त्याला जीपच्या मागे आडवा घातला, पाय माझ्या सॅकवर.

आग्या मोहोळ उठलं तर गणित वेगळं. शेकड्याने डंख बसले की अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसालाही विषाचा डोसच भारी पडतो. स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, मूत्रपिंडं बसतात आणि हे कधी कधी दुसऱ्या दिवशी कळतं. लघवी चहासारखी झाली तर थांबू नका.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंनी पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत आवाज परत आला आणि तासाभरात स्वारी घरी जायला निघाली. बाईंनी सोडलं नाही. कॉटवर पडून तो मला शिव्या घालत होता. रात्री अकराला त्याच्या पोटावर पुन्हा गांधी उठल्या.