केरळला जाताय? बॅग भरायचा सल्ला घ्या, फुकट आहे

डिसेंबरात केरळ बुक केलंत ना, अभिनंदन! आता हवामान अजिबात बघू नका. केरळ म्हणजे नारळ आणि घाम, तेव्हा बर्मुडा नि टीशर्ट कोंबा की झालं. मुन्नार जवळजवळ 1500 मीटरवर आहे, थंडीत पहाटे तिथल्या चहाच्या मळ्यांत कधीकधी पारा शून्याला टेकतो असं कोणी सांगेल, त्याला म्हणा आम्ही महाबळेश्वर बघितलंय. मग मुन्नारजवळच्या एराविकुलम उद्यानात ताहर, म्हणजे डोंगरी रानबकऱ्या, बघायच्या रांगेत हॉटेलचा टॉवेल मफलर म्हणून गुंडाळून उभे राहा, ताहर पण तुम्हाला बघून घेतील.

नाहीतर आमच्या मावशीसारखं करा, माणशी दोन स्वेटर, एक माकडटोपी. अलेप्पीच्या हाउसबोटीत घामाच्या धारा लागतात तेव्हा त्याच बोचक्याला टेकून मस्त झोप लागते म्हणे. आणि पावसाळ्यात थेक्कडीला जंगलात चालणार असाल तर हाफ पँटच घाला, जळवांना उगाच शोधाशोध नको.

आता मुख्य मुद्दा, देवळं. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींकडे पुरुषांना मुंडू (कमरेला गुंडाळायचं तिकडचं धोतर) आणि वर उघडं अंग, बायकांना साडी किंवा चुडीदारवरून गुंडाळलेला मुंडू. 2016 च्या नोव्हेंबरात नुसत्या चुडीदारला परवानगी दिली होती, ती पुढच्याच महिन्यात हायकोर्टाने रद्द केली, तंत्रींचा, म्हणजे देवळाच्या मुख्य पुजाऱ्यांचा, शब्द शेवटचा म्हणून. हे सगळं टूरवाला व्हॉट्सॲपवर चार वेळा पाठवतो, तुम्ही गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत तेही डिलीट करा. घरात आजोबांचं धोतर असेल तर ते तर मुळीच घेऊ नका, आपण मॉडर्न माणसं!

मी खास ट्रिपसाठी आठ खिशांची कार्गो पँट घेतली होती. देवळाबाहेर ती उतरली, शर्ट उतरला, मोबाईल-पाकीट क्लोकरूममध्ये गेलं, आणि पांढरा मुंडू हातात आला ज्याला खिसा एकही नाही. डाव्या मुठीत टोकन, उजव्या मुठीत कमरेची गाठ, पोट आत ओढलेलं (फार वेळ राहत नाही ते). तिथे अनंतशयनी विष्णूची 18 फुटी मूर्ती तीन दारांतून बघायची असते, पहिल्यातून मुख, मधल्यातून नाभीतलं कमळ, शेवटच्यातून पाय. पहिल्या दाराशी मी हात जोडले नाहीत, मागच्यांना वाटलं असेल नास्तिक आहे, पण जोडले असते तर शेजारच्या कुटुंबाला भलतंच दर्शन झालं असतं.

दुसऱ्या दाराआधी मागच्या मल्याळी आजोबांनी एक शब्द न बोलता माझी गाठ सोडली, माझा जीव घशात, आणि करकचून बांधून दिली. वर मुठीतलं टोकन काढून कनवटीला खोचलं. आमचे आजोबा चंची ठेवायचे बरोब्बर तिथेच.

तुम्ही मात्र कार्गोच घ्या, सेलमध्ये छान मिळते.