प्रतिक्रियेला उत्तर : वाहिन्यांवरचे अब्रुनुकसानीचे दावे कोणासाठी?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. गुन्ह्यांच्या बातम्यांवरून वाहिन्यांवर होणाऱ्या अब्रुनुकसानीच्या दाव्यांची मी बाजू घेतली, ती तुम्हाला पटली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हे दावे पैसेवाल्यांचं हत्यार आहेत, ‘टाइम्स नाऊ’विरुद्धच्या न्यायमूर्ती सावंतांच्या दाव्यासारखे 100 कोटींचे निकाल लागू लागले तर कुठलीही वाहिनी बड्या आरोपीच्या वाटेला जाणार नाही, आणि माध्यमं मागे लागली नसती तर दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात न्याय झाला नसता.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला मान्य आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये खालच्या कोर्टातून आरोपी सुटले. साक्षीदार कसे फिरले हे पत्रकारांनी लोकांपुढे मांडलं, आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. तिथे माध्यमांनी तपासातली आणि साक्षींमधली भोकं दाखवली. हे त्यांचं कामच आहे, आणि अशा बातमीवर कोणी दावा लावला तर मी वाहिनीच्याच बाजूने उभा राहीन.

2020 मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणात जे चाललं ते याच्या अगदी उलट होतं. आरोप, उलटतपासणी आणि निकाल, तिन्ही स्टुडिओतच. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये महाराष्ट्र पोलिस दलातले निवृत्त वरिष्ठ अधिकारी होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्यांनी आयुष्यभर तपास केला त्यांनाच हा तमाशा असह्य झाला. 18 जानेवारी 2021 च्या निकालात न्यायालयाने अशा ‘मीडिया ट्रायल’मुळे न्यायदानात अडथळा येतो असं स्पष्ट म्हटलं. पुढे 2025 मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल कोर्टात दिला. रिया चक्रवर्ती या ज्या अभिनेत्रीला महिनोन् महिने खुनी म्हणून रंगवलं, तिला त्या अहवालाने गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

आता सावंतांचा दावा. 10 सप्टेंबर 2008 रोजी ‘टाइम्स नाऊ’ने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत कोलकात्याच्या न्या. सामंत यांच्याऐवजी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो काही सेकंद दाखवला. 2011 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 100 कोटींची भरपाई ठरवली. अपील ऐकण्यासाठी उच्च न्यायालयाने 20 कोटी रोख आणि 80 कोटींची बँक हमी मागितली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. ही रक्कम अवाजवी होती, असं माझंही मत आहे. तेवढ्या पैशांत एखादी छोटी प्रादेशिक वाहिनी कायमची बंद पडेल. पण सावंत हे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष होते, हेही लक्षात घ्या. त्यांना कायदा पाठ होता. चुकून ज्याचा फोटो पडद्यावर गेला तो एखादा रिक्षाचालक असता तर?

म्हणून तुमचं ‘पैसेवाल्यांचं हत्यार’ हे निदान मला पटतं, त्यावरचा इलाज पटत नाही. दावाच नको म्हटलं तर बड्यांचं काही अडत नाही. त्यांच्याकडे दुसरे मार्ग असतात. रिकाम्या हाताने राहतो तो रिक्षाचालकच.

एक खुलासा. बातमी प्रसिद्ध होण्याआधीच ती थांबवण्याच्या मनाई हुकमांना माझा विरोध आहे. मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही असे अंतरिम आदेश अपवादानेच द्यावेत असं बजावलं. बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद देणारं भारतीय न्याय संहितेचं कलम 356 सुद्धा मला नको आहे. मी बोलतोय ते फक्त प्रक्षेपणानंतरच्या दिवाणी भरपाईबद्दल.

त्यात प्रामाणिक बातमीदाराला घाबरण्यासारखं फार थोडं आहे. पोलिसांनी कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदवला, सरकारी वकिलांनी रिमांड मागताना काय सांगितलं, आरोपीच्या वकिलाने काय उत्तर दिलं, हे सगळं जसंच्या तसं सांगायला पूर्ण मोकळीक आहे. अडचण सुरू होते ती ‘सूत्रांच्या माहितीनुसार’पासून. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पडद्यावर मात्र त्याचीच ‘गुन्ह्याची कबुली’ होते आणि लाल पट्टीवर रात्रभर फिरत राहते. ही माहिती फोडणारे बहुतेक वेळा पोलिसच असतात, म्हणूनच सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहमंत्रालयाला पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी नियमावली करायला सांगितलं.

आणि जिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही, ती खरी गोम मुदतीत आहे. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो, आणि ते वर्ष बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. त्या वर्षात आरोपी कुठे असतो? तुरुंगात, किंवा जामिनासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत. घरचे दागिने मोडून वकिलाची फी भरत असतात. अशा वेळी वाहिनीवर दावा लावायचं सुचणार कोणाला? सुचलं, तरी ‘खटला चालू आहे, निकाल लागू द्या’ असं सांगून वाहिनीचे वकील वेळ मागणारच. आठ-दहा वर्षांनी निर्दोष सुटका होते, तेव्हा दाव्याची मुदत कधीच उलटून गेलेली असते. सुटकेची बातमी दाखवलीच तर अर्ध्या मिनिटाची, तीही दुपारी.

वाहिन्यांच्या संघटनेच्या स्वनियमन संस्थेकडे तक्रार करता येते, पण 2023 मध्ये तिथला दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये होता. ही रक्कम अपुरी आहे, असं त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही बोलून दाखवलं. एका जाहिरातीच्या पैशांत फिटणाऱ्या दंडाला कोण भीक घालणार?

माझी मागणी अशी : ज्या आरोपीने प्रक्षेपणानंतर वर्षभरात वाहिनीला लेखी नोटीस दिली असेल, त्याची दाव्याची मुदत निर्दोष सुटल्याच्या दिवसापासून मोजावी. नोटीस आल्यामुळे वाहिनीला आपलं फुटेज आणि टिपणं जपून ठेवता येतील, म्हणजे दहा वर्षांनी अचानक दावा आला अशी तिचीही तक्रार राहणार नाही. सुटकेची बातमी मूळ बातमीच्याच वेळेला दाखवण्याचा आदेश द्यायचा अधिकारही कोर्टाला असावा. यातल्या कोणत्या कलमाने जेसिका लालसारख्या प्रकरणातल्या पत्रकारांचे हात बांधले जातील, ते तुम्ही दाखवून द्या. त्यावर पुढे बोलू.