परवान्याची मुदत संपली आहे

पेडण्याचा बोगदा मागे टाकून मांडवी एक्सप्रेस मडुऱ्याकडे निघाली होती. मी मोबाइलवर उतरवून ठेवलेल्या कोरियन मालिकेच्या चौदाव्या भागावर बोट ठेवले, तर नायकाच्या चित्राशेजारी लाल उद्गारचिन्ह उगवले आणि त्याखाली मजकूर आला की या डाउनलोडची मुदत संपली आहे, तरी इंटरनेटशी जोडणी करून नूतनीकरण करावे. कोकण रेल्वेवर बसलेल्या माणसाला इंटरनेटशी जोडणी करायला सांगणाऱ्याने ही रेल्वे नकाशातसुद्धा पाहिलेली नसावी. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गात नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि दोन बोगद्यांच्या मधे जी काही जमीन उरते, ती बहुतेक दऱ्या, पूल आणि काजूची झाडे यांनी वाटून घेतलेली आहे. मोबाइलच्या मनोऱ्याला तिथे क्वचितच जागा मिळते. म्हणून तर मी सगळे भाग काही दिवस आधीच घरच्या वायफायवर उतरवून घेतले होते.

माझा गुन्हा काय, तर त्या भागाची पहिली पाच मिनिटे मी आधी पाहिली होती आणि तेवढ्यात दारात पाहुणे आले होते. बऱ्याच ॲपांत काही मालिकांपुरता असा नियम असतो की डाउनलोड केलेला भाग न उघडता ठेवला तर तो काही दिवस टिकतो, पण एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. पाहुण्यांना हा नियम सांगून दारातूनच परत पाठवण्याची आमच्या गोव्यातल्या डिचोलीत अजून पद्धत नाही.

पंधरावा आणि सोळावा भाग शाबूत होता. चौदावा न पाहता पंधरावा पाहणे मला शक्य नव्हते. तेवढ्यात समोरच्या बाकावरून मोठ्या आवाजात कोरियन भाषा ऐकू येऊ लागली आणि तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्याच नायिकेची ती सासू, म्हणजे होऊ घातलेली सासू, पैशाचे पाकीट टेबलावर आपटत होती.

समोर सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेने, आणि मांडीवर टॅब, ज्याला इयरफोन नावाची वस्तू जोडता येते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी वाकून पाहिले. माझीच मालिका होती, माझाच चौदावा भाग होता. दरमहा पैसे भरून जो मला दिसत नव्हता, तो त्यांना मेमरी कार्डावरून, कसलेही उद्गारचिन्ह न येता, फुकट दिसत होता. खाली रोमन लिपीत सबटायटल धावत होते, पण ती भाषा इंग्रजी नव्हती.

"काका, तुम्हाला ही भाषा कळते?" मी विचारले.

"नाही गो बाय. पुतण्याने भरून दिलंय. भाषा कशाला हवी? केस सरळ आहे."

ते एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या मते ही सोळा भागांची प्रेमकथा नसून मुंडकाराची, म्हणजे गोव्यात दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाची, केस होती. बंगल्यातली ती दागिने घातलेली बाई म्हणजे भाटकारीण, अर्थात जमीनमालकीण, आणि आवारातल्या लहान घरात राहणारी आजी व तिची नात हे मुंडकार. भाटकारणीने त्यांना घराबाहेर काढले, हा सहावा भाग. "१९७५चा कायदा आहे. असं काढता येत नाही. म्हातारीने मामलेदाराकडे अर्ज करायला हवा होता, तो केला नाही. रडत बसली. रडण्याचा काय उपयोग? जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढ, घरपट्टीच्या पावत्या जोड, दोन शेजाऱ्यांचे जबाब घे."

"काका, हे सेऊलमध्ये घडतंय."

"म्हणूनच तर. तिकडे लोकांना माहितीच नाही."

नायक पावसात नायिकेच्या डोक्यावर छत्री धरतो, तो प्रसंग मी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पाहिलेला आहे. काकांनी त्याचा अर्थ सांगितला की भाटकाराचा मुलगा तडजोडीला आलेला आहे. नायिका मान फिरवून निघून जाते, ते त्यांना फार आवडले होते. "पोरगी हुशार. तोंडी तडजोड मान्य करायची नाही. कागदावर आण म्हणावं." सावंतवाडी येईपर्यंत त्या मालिकेतला एकही माणूस माझ्यासाठी प्रेमात राहिला नव्हता, सगळे पक्षकार झाले होते.

मग त्यांनी माझ्या मोबाइलकडे पाहून विचारले की तुमचे का बंद आहे. मी सांगितले की मी पैसे भरून, रीतसर ॲपवर पाहते. "पैसे भरून?" एखाद्याच्या घरी दुखवट्याला गेल्यावर विचारावे तशा स्वरात ते म्हणाले, आणि कटलेटवाल्याला थांबवून त्यांनी माझ्यासाठीही एक प्लेट घेतली.

त्या कटलेटचा मला अजून राग आहे. रीतसर पाहण्यासाठी आमच्यासारख्यांनी काय काय केले आहे, याची या माणसाला कल्पना नव्हती. पूर्वी आशियाई मालिका ऑनलाइन दाखवणाऱ्यांतले मोठे नाव म्हणजे ड्रामाफिव्हर. अमेरिकेतले लोक त्यावर जीव टाकायचे आणि १६ ऑक्टोबर २०१८ रोजी मालकांनी ते एका दिवसात बंद केले. चिनी मालिकांसाठी वीटीव्ही या ॲपकडे वळावे, तर नोव्हेंबर २०२०मध्ये आपल्या सरकारने ज्या ४३ ॲपांवर बंदी घातली, त्यांत त्याचे नाव होते. मँगो टीव्हीचेही होते. व्हिकी हे ॲप मला मनापासून आवडते, कारण तिथले सबटायटल जगभरचे हौशी लोक स्वयंसेवक म्हणून लिहितात. पण प्रत्येक मालिकेचे हक्क देशोदेशी वेगवेगळे विकले जातात, त्यामुळे मैत्रिणीने दुबईहून सांगितलेले नाव इथे शोधले की ते आपल्या भागात उपलब्ध नसल्याचे विनम्रपणे कळते. नेटफ्लिक्सने डाउनलोडची सोय २०१६च्या नोव्हेंबरात दिली आणि २०१९मध्ये भारतात मोबाइलपुरती १९९ रुपयांची योजनाही काढली, परंतु मालिका त्यांच्याकडे असेल तोवरच आपल्याकडे. हक्कांचा करार संपला की उतरवून ठेवलेली प्रतही बंद पडते. कारण आपण उतरवतो ती मालिका नसते, ती कुलूपबंद फाइल असते. तिची किल्ली म्हणजे मुदतीचा परवाना, आणि तो ॲपच्या खिशात असतो. फाइल आपल्या मोबाइलमधली जागा खाते, पण पेन ड्राइव्हवर घातली तर तिचा काडीचा उपयोग नाही. ही सगळी तटबंदी चोरांसाठी आहे म्हणतात. चोर माझ्यासमोर बसून सॉस मागत होता.

मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले. हे बेकायदेशीर आहे, कॉपीराइटचा कायदा १९५७पासून आहे.

"मुंडकार कायदा पंचाहत्तरचा," काका शांतपणे म्हणाले. "नंतरचा कायदा वरचढ असतो."

यावर काय बोलावे ते मला आजतागायत सुचलेले नाही.

मात्र 'परवाना' म्हटल्यावर त्यांच्यातला कारकून एकदम जागा झाला. टॅब बाजूला ठेवून त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. परवाना कोणी दिला? मुदत संपण्यापूर्वी लेखी सूचना दिली होती का? कारणे दाखवा नोटीस? म्हणणे मांडण्याची संधी? मी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "मग हा आदेश टिकणार नाही," असे म्हणून त्यांनी खिशातले एक पेन काढले आणि वहीच्या पानावर मजकूर लिहून दिला. अर्जदार ही नियमित शुल्क भरणारी ग्राहक असून, तिला कोणतीही पूर्वसूचना न देता, ती बोगद्यात असल्याचा गैरफायदा घेऊन, तिच्या कब्जातील भाग क्रमांक १४ काढून घेण्यात आला आहे, सबब तो पूर्ववत करण्यात यावा ही विनंती. "कब्जातील" या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

रत्नागिरीला ते उतरले. जाताना मेमरी कार्ड देऊ केले, आणि मी ते बाणेदारपणे नाकारले. खरे सांगायचे तर माझ्या मोबाइलला कार्डाची खाचच नाही, पण नाकारताना तेवढा तपशील सांगायची गरज नव्हती. "चौदाव्यात विशेष काही नाही," त्यांनी खिडकीतून सांगितले, "म्हातारी मरते आणि वारस लागतात." पुढे भोके-उक्षीच्या मधला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा येईपर्यंत मी त्या आजीसाठी धड रडूसुद्धा शकले नाही, कारण मनात वारसदाखल्याचेच विचार येत होते.

चिपळूणला मावशीच्या घरी पोहोचल्यावर मी तो अर्ज जसाच्या तसा ॲपच्या मदत केंद्राला पाठवला. उत्तर लगेच आले. त्यात इंटरनेटशी जोडणी करून पुन्हा प्रयत्न करण्याची सूचना होती आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल, अशी पृच्छा होती. मावशीच्या वायफायवर भाग पुन्हा उतरवायला घेतला, तेव्हा मालिकेच्या नावाखाली नवीन ओळ दिसली की ही मालिका पाहण्याचा शेवटचा दिवस या महिनाअखेरीस आहे. या वेळी पूर्वसूचना होती, हे कबूल करायला हवे. काका म्हणाले असते की आता अपिलात दम राहिला नाही.