पयलो इलो, पण जिंकूक नाय

फॉर्म्युला वन बघणाऱ्याला सिंधुदुर्गात खरा त्रास एकच. लाईट जाते, नेट जातं, पावसाळ्यात झावळी नेमकी तारेवर पडते, त्याचं काही नाही, अंगवळणी पडतं. त्रास असतो तो प्रश्नाचा. युरोपातली शर्यत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, आठ-सव्वाआठला आटपते, आणि बरोबर त्याच मुहूर्तावर खळ्यात सुपारी सोलणारे आबा आत डोकावतात. "काय रे, कोण जिंकलो?"

कबड्डी बघणारा याचं उत्तर एका शब्दात देऊन जेवायला बसतो. मला सांगावं लागतं, "पहिला कोण आला ते ठरलंय आबा. जिंकला कोण ते रात्री कळेल."

"पयलो इलो तो जिंकूक नाय?"

नाही ना! 2024 ची बेल्जियमची शर्यत घ्या. जॉर्ज रसेल पहिला आला, पोडियमवर चढला, करंडक घेतला. मग गाडी काट्यावर चढली. चालकासकट किमान 798 किलो भरायला हवी होती. टाकीतलं उरलेलं इंधन काढल्यावर भरली 796.5. दीड किलोपायी शर्यत गेली आणि विजय लुईस हॅमिल्टनच्या नावावर लागला. दहा किलो जादा वजन म्हणजे फेरीमागे साधारण तीन दशांश सेकंद, म्हणून सगळेच संघ अगदी काठावर वजन ठेवतात. त्यात रसेलने टायर बदलायला एकदाच थांबून, म्हणजे एकाच पिट स्टॉपमध्ये, शर्यत काढलेली, टायर घासून संपलेले. एरवी शर्यत संपल्यावरच्या सावकाश फेरीत चालक ट्रॅकच्या कडेचे रबराचे तुकडे मुद्दाम टायरला चिकटवून घेतात आणि चार दाणे वजन वाढवतात. पण बेल्जियमची फेरी सात किलोमीटरची, त्यामुळे तिथे गाड्या परस्पर पिटमध्ये वळवतात. रबर गोळा करायची सोयच नाही.

आबांना यातलं एकच कळतं. "गाडयेचा वजन कित्याक करतत? इकूची आसा?"

वजनानंतर फळी. गाडीच्या पोटाखाली एक फळी बसवलेली असते, नवी असताना 10 मिलिमीटर जाड. शर्यतीनंतर ती ठरलेल्या जागी मोजतात. झीज धरून 9 मिलिमीटर उरायलाच हवी. गाडी जमिनीला जितकी चिकटून धावेल तितकी ती खाली खेचली जाते आणि वळणात वेग राहतो, म्हणून प्रत्येक इंजिनिअरला ती अजून एक केस खाली घ्यायची असते. रस्ता खडबडीत निघाला की फळी घासते. 2025 च्या लास वेगासला लँडो नॉरिस दुसरा आणि ऑस्कर पियास्त्री चौथा आला, आणि मॅक्लारेनच्या या दोन्ही गाड्या फळीपायी बाद झाल्या. नॉरिसची सर्वांत जास्त झिजलेली जागा भरली 8.88. आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊला सुरू झालेली ती शर्यत. निकाल पक्का होईपर्यंत दुपारचं जेवण होऊन हात वाळले होते.

पण माझी तक्रार या नियमांबद्दल नाही. काटा आणि मायक्रोमीटर कुणाचे सगेसोयरे नसतात. 8.88 म्हणजे 8.88, विषय संपला. डोकं फिरतं ते जिथे मोजायचं काहीच नसतं आणि कुणीतरी ठरवायचं असतं तिथे. अबू धाबी, 2021. विजेतेपद शेवटच्या फेरीवर अडलेलं, अपघातानंतर सगळ्यांना सावकाश आपल्यामागे चालवणारी सेफ्टी कार बाहेर. एका फेरीने मागे पडलेल्या आठ गाड्यांपैकी हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन यांच्या मधल्या पाचच पुढे सोडल्या, उरलेल्या तीन तशाच ठेवल्या, आणि सेफ्टी कारही नियमापेक्षा एक फेरी आधीच आत बोलावली. मागच्या व्हर्स्टापेनला वाट मोकळी, विजेतेपद त्याचं. पुढे एफआयएने, म्हणजे हे नियम करणाऱ्या संघटनेने, स्वतःच्याच अहवालात मानवी चूक कबूल केली. निकाल आहे तसाच राहिला. गावच्या जत्रेत नारळाच्या पैजेला असा पंच नेमला असता तर त्याला रात्रीची एसटी पकडावी लागली असती.

आता 2026 पासून तिसरी जात आली आहे. हे नियम समजायला पंच चालत नाही, वायरमन लागतो.

इंजिन पूर्वीचंच, 1.6 लिटरचं व्ही-6 टर्बो. पण त्याची ताकद साधारण 550 किलोवॅटवरून 400 च्या आसपास उतरवली आणि विजेच्या मोटरची 120 वरून 350 वर चढवली. वर टर्बोच्या उष्णतेतून वीज काढणारं एमजीयू-एच नावाचं यंत्र काढून टाकलं. ते महाग होतं, किचकट होतं, नव्या कंपन्या त्याच्या भीतीनेच उंबरठ्यावरून परत जायच्या. ते गेलं, ऑडी आली, फोर्डही रेड बुलचा हात धरून परतली. छान झालं. फक्त विजेचा खप तिपटीने वाढवताना वीज देणाऱ्या दोन यंत्रांतलं एक काढलं, एवढंच.

या गाडीच्या बॅटरीतून एका दमात 4 मेगाज्यूल वापरता येतात. मीटरच्या हिशेबात 1.1 युनिट. आमच्या माजघरातल्या इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी 12 व्होल्टवर कागदोपत्री 1.8 युनिट धरते, म्हणजे जगातल्या सर्वांत प्रगत शर्यतीच्या गाडीपेक्षा जास्त! फरक इतकाच की आमची त्यावर दोन पंखे आणि राउटर रात्रभर ओढते, त्यांची 350 किलोवॅटने साडेअकरा सेकंदांत कोरडी होते. मग भरायची कुठून? ब्रेक लावताना, पण मोन्झासारख्या लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर ब्रेक लागतातच किती! म्हणून सरळ रस्त्याच्या शेवटी मोटर उलटी जनित्रासारखी चालवतात आणि इंजिनाच्याच जोरावर बॅटरी भरतात. याला सुपर क्लिपिंग म्हणतात. चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला आणि गाडीचा वेग उतरतोय.

"मगे पाय कित्याक दाबता?"

आबांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि नियम लिहिणाऱ्यांकडेही मनाला पटेल असं नाही. शिवाय विजेची मदत ताशी 290 किलोमीटरनंतर कमी होत जाते आणि 345 ला शून्यावर येते. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असाल तर ओव्हरटेक मोड मिळतो. मग पूर्ण 350 किलोवॅट ताशी 337 पर्यंत टिकतात. मागचा पंख उघडणारं डीआरएस 2011 पासून होतं, ते गेलं. आता पुढचे-मागचे दोन्ही पंख सरळ रस्त्यावर आडवे पडतात, आणि ते सगळ्यांचेच, मागे असा वा पुढे. डीआरएस नकली होतं, मान्य. पण पंख उघडला, गाडी पुढे गेली, हे खळ्यातून दिसायचं. कोणाची बॅटरी किती उरली हे कुठून दिसणार?

पावसाचा विषय तर कोकणात काढूच नये. 2021 मध्ये बेल्जियमला पाऊस पडला, म्हणून साडेसहाची शर्यत आपल्या पावणेदहापर्यंत रखडली, मग सेफ्टी कारच्या मागे दोन-तीन फेऱ्यांची वरात निघाली आणि निम्मे गुण वाटून सगळे घरी गेले. जुलैत घाटातून एसटी बघणाऱ्याला हे कसं पटवायचं? कारण खरं तर साधं आहे. टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या सांगण्यानुसार पूर्ण पावसाचा निळा टायर ताशी 300 च्या वेगात सेकंदाला सुमारे 85 लिटर पाणी उपसतो. गाडी घसरत नाही, पण ते पाणी धुक्यासारखं मागच्याच्या तोंडावर जातं आणि त्याला समोर उभी असलेली गाडी दिसत नाही. परिणामी, निळा टायर लागेल इतका पाऊस झाला की शर्यतच थांबते. चाकांवर मडगार्ड बसवूनही पाहिलं, जमलं नाही. नंतर नियमात एवढी सुधारणा झाली की सेफ्टी कारविना निदान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण नाहीत.

चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्याला, हेलोला, मात्र हात लावायचा नाही. दिसायला चपलेच्या पट्ट्यासारखा का असेना, 2020 मध्ये बहारीनला ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली, पेटली, आणि माणूस अर्ध्या मिनिटात त्यातून चालत बाहेर आला.

बाकीच्यात गंमतच जास्त. 2015 मध्ये बेल्जियमला मॅक्लारेनच्या दोन गाड्यांना इंजिनाचे भाग बदलल्याबद्दल मिळून 105 जागा मागे जायची शिक्षा झाली; उभ्या राहणाऱ्या गाड्या होत्या वीस. 2021 च्या खर्चमर्यादेत रेड बुलचा हिशेब चुकला, त्या चुकांच्या यादीत जेवणावळीचा खर्चही निघाला. दंड सत्तर लाख डॉलर! त्यांच्या पंगतीला कोणतं म्हावरं होतं, ही आबांची शंका अजून कायम आहे.

आणि 2024 मध्ये सिंगापूरला पत्रकार परिषदेत स्वतःच्या गाडीबद्दल बोलताना व्हर्स्टापेनच्या तोंडून एक शिवी गेली, त्याबद्दल त्याला समाजसेवेची शिक्षा. एक शिवी! आमच्याकडे तिच्याशिवाय वाक्याला क्रियापदसुद्धा लागत नाही. रापण ओढताना किनाऱ्यावर एफआयएचे स्टीवर्ड, म्हणजे पंच, बसवले तर पहिली तारली जाळ्यात दिसायच्या आत अर्धा वाडा समाजसेवेला रवाना होईल. आणि स्टीवर्ड मालवणचेच असले तर त्यांच्यासकट.