मधमाशीच्या अंड्यातून नर की मादी, हे कशाने ठरते? : एक खुलासा

जालना, बीड व धाराशिव भागांत सूर्यफूल आणि कांदा-बियाण्याच्या शेतात मधपेट्या ठेवणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरत आहे. ‘फलित अंड्यातून नेहमी मादीच जन्मते, म्हणून पोळ्यात अळ्यांचे कप्पे विरळ दिसले, तर राणी म्हातारी झाली असे समजावे,’ असे त्यात म्हटले आहे. हे अर्धसत्य आहे.

अफलित अंड्यातून १६ गुणसूत्रांचा नर आणि फलित अंड्यातून सहसा ३२ गुणसूत्रांची मादी जन्मते, इतके खरे. परंतु नर की मादी, हे गुणसूत्रांच्या संख्येने ठरत नाही. ते ‘सीएसडी’ या जनुकावर ठरते, ज्याचा शोध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. या जनुकाची अनेक रूपे आहेत. आई-बापाकडून दोन भिन्न रूपे मिळाली तरच मादी घडते. एकच रूप दोनदा आले, तर फलित अंड्यातूनही नर निपजतो, आणि अशी अळी अंड्यातून बाहेर पडताच कामकरी माश्या तिला खाऊन टाकतात, म्हणून तो कप्पा रिकामा दिसतो. राणीशी रूप जुळणाऱ्या नराचे शुक्राणू ज्या अंड्यांना मिळतात, त्यांपैकी सरासरी निम्मी अशी वाया जातात. राणी अनेक नरांशी संग करते, म्हणून एरवी हे नुकसान झाकले जाते. पण सगळ्या पेट्या एकाच राणीच्या वंशातून वाढवल्या असतील, तर ते ठळक दिसते. म्हातारी राणी किंवा रोग ही कारणेही असू शकतात, मात्र नवी राणी त्याच वंशातली आणली आणि तिचा संगही तिथल्याच नरांशी झाला, तर कप्पे पुन्हा विरळच राहण्याची शक्यता आहे.

मादी अळी पुढे कामकरी होणार की राणी, हा आहाराचा प्रश्न वेगळा. त्याचा नराशी संबंध नाही.